बाकामुळे बाक येतो का?

आपल्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे शाळेला काय भेट द्यायची, यावर गेले चार महिने खल चालू आहे. सर्वाधिक मते नव्या बाकांना पडली आहेत. त्यामागे एक वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येते : "जुन्या बाकांवर बसून मुलांच्या पाठीला बाक येतो." बसायच्या लाकडाला आणि पाठीच्या वळणाला मराठीत एकच शब्द असल्यामुळे वाक्य कानाला पटतेही. बाक मोडलेत, ते बदलायलाच हवेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण दिलेले कारण चुकीचे आहे आणि ही चूक युरोपने दीडशे वर्षांपूर्वी करून झाली आहे. इतिहासाची विद्यार्थिनी आणि वाकड्या कण्याची मालकीण, अशा दुहेरी नात्याने संपादक मंडळाकडून दोन पाने मागून घेतली आहेत.

आधी एक फरक. पोक काढून बसणे वेगळे आणि कणा बाजूला वळणे वेगळे. पोक काढणाऱ्याला "ताठ बस" म्हटले की तो ताठ बसतो. दुसऱ्या प्रकारात मणके बाजूला कलतात आणि स्वतःभोवती फिरतातही, त्यामुळे एका अंगाच्या बरगड्या मागे उचलल्या जातात. याला स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रात वळण दहा अंश किंवा अधिक भरले की हे नाव लागते. किशोरवयात शंभरातल्या दोन-तीन मुलांत ते असते. बहुतेकांचे सौम्य राहते, पण वाढत जाणारा बाक मुलांपेक्षा मुलींत कितीतरी जास्त दिसतो, आणि तो वाढतो नेमका उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत. तो घराण्यात उतरताना दिसतो. बसण्याच्या सवयीने तो होत नाही.

वाकडा कणा ओढून सरळ करता येईल, ही कल्पना फार जुनी. मथुरेच्या कुब्जेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कृष्णाने तिची पावले आपल्या पायांनी दाबून धरली, हनुवटीखाली दोन बोटे घातली आणि तिला वर उचलले. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य रुग्णाला फळीवर बांधून दोन्हीकडून ताणत. काही जण तर शिडीला बांधून उंचावरून हिसके देत. ही शिडी मुख्यतः बघ्यांच्या गर्दीसाठी असते, असा शेरा त्याच ग्रंथात आहे. पुढे १८७० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. लुईस सेअर रुग्णाला हनुवटी आणि काखांच्या आधाराने तिकाटण्याला टांगत आणि तशा अवस्थेत अंगाभोवती प्लास्टर चढवत. कुब्जेची हनुवटी तिथेही आहेच.

शाळेचा संबंध येतो तो निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यापासून. १७४१ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्याने मुलांच्या शरीराचे व्यंग कसे टाळावे यावर पुस्तक लिहिले आणि 'ऑर्थोपेडी' हा शब्द घडवला. ग्रीकमधले 'सरळ' आणि 'मूल' हे दोन शब्द त्याने जोडले होते. त्यातले वाकडे झाड खुंटाला दोरीने बांधल्याचे चित्र आज जगभरातल्या अनेक अस्थिरोग संघटनांचे चिन्ह आहे. मुले कशी बसतात, टेबल किती उंच असते, यावर आंद्रीचा फार रोख होता. मूल म्हणजे रोपटे, वळवाल तसे वळेल, हा विचार तिथून शाळेत शिरला.

एकोणिसाव्या शतकात युरोपात शाळा सक्तीच्या झाल्या, हजारो मुले तासन्‌तास एका जागी बसू लागली आणि वाकडे कणे डॉक्टरांच्या नजरेत भरू लागले. कणे आधीही वाकडे होतेच, पण इतकी मुले एका रांगेत बसवून कोणी पाहिली नव्हती. मग दोष बाकाला गेला. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये बाकाची उंची, टेकूचा कोन, वही आणि डोळा यांतले अंतर यांवर ग्रंथ निघाले. तिरके अक्षर लिहिताना पाठ वळते म्हणून १८९० च्या दशकात उभ्या अक्षराची चळवळ झाली. लाइपझिगच्या श्रेबर नावाच्या डॉक्टरने तर मूल पुढे झुकूच नये म्हणून टेबलाला छातीसमोर लोखंडी आडवा दांडा बसवायची युक्ती काढली. बाकांचे कारखाने चालले, पण कण्यांवर काही परिणाम झाला नाही.

दुसरा उपाय कवायतीचा. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली. त्याची स्वीडिश कवायत १८७९ पासून लंडनच्या सरकारी शाळांतल्या मुलींना शिकवली जाऊ लागली आणि पुढे इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडेही आली. "हात वर, हात बाजूला, एक-दोन-तीन-चार" हे आपल्याला हवालदारी वाटायचे, पण त्याची एक आजी स्वीडनची आहे. आपल्याकडे तिला जोडीदार मिळाला तो औंधच्या संस्थानात. भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. नमस्काराने कणा सरळ होतो असे मी म्हणणार नाही. पण डावा पाय, उजवा पाय, मागे वाक, पुढे वाक, असा दोन्ही अंगांना सारखा व्यायाम मैदानाच्या तुकड्यावर, एक पैसाही न खर्चता शेकडो मुलांना देणे, हे लोखंडी दांड्यापेक्षा शहाणपणाचे होते.

आता आपल्या मैदानाकडे येते. पी.टी.च्या तासाला सर सगळ्यांना ओळीने वाकून अंगठे धरायला लावत, आठवते? गुडघे ताठ, मान खाली. नेमकी हीच स्थिती लंडनच्या विल्यम ॲडम्स या शल्यविशारदाने १८६५ मध्ये तपासणीची पद्धत म्हणून मांडली होती. डायनोसॉरचे अवशेष शोधणारे गिडिअन मँटेल १८५२ मध्ये वारले. हयातीत डॉक्टर त्यांच्या पाठीवरच्या उंचवट्याला गाठ समजत होते. ॲडम्सने शवविच्छेदनात पाहिले तर तो फिरलेला कणा होता. उभ्या माणसात हा फेर लपतो, माणूस वाकला की एका बाजूच्या बरगड्या टेकडीसारख्या वर येतात. आजही डॉक्टर पहिल्यांदा हेच करून बघतात.

आठवीत सरांनी माझ्या मागे उभे राहून हेच पाहिले. त्यांनी ॲडम्सचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही. "पोरी, तुझ्या पाठीची एक बाजू वर दिसते, आईला सांग," एवढेच म्हणाले. जिल्ह्याच्या गावी तपासणी झाली, २१ अंश निघाले, आणि तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली : खेळ, धावणे, कवायत बंद. पुढची अडीच वर्षे मी चिंचेखाली बसून तुमच्या चपला राखल्या. लंगडीच्या संघातून नाव गेले. सर दर तासाला एकदा माझ्याकडे बघत, पण चिठ्ठी मोडायची त्यांची छाती झाली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. दहावीनंतर पुन्हा मोजले तेव्हा २९ अंश होते. बसून राहिल्याने बाक थांबला नव्हता.

तो बसल्याने थांबत नाही आणि पळाल्याने वाढतही नाही, हे वैद्यकाला हळूहळू कळत गेले. १९४१ मध्ये अमेरिकन अस्थिरोग संघटनेच्या समितीने ४२५ रुग्णांची पाहणी केली. नुसत्या व्यायामावर ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा बाक वाढलेला दिसला. व्यायामाची पत तिथे घसरली. १९४६ मध्ये हनुवटीपर्यंत पोचणारा मिलवॉकी पट्टा आला, १९६० च्या आसपास हॅरिंग्टनची पोलादी सळई आली. पट्ट्याचा उपयोग होतो का, याचा भक्कम पुरावा मात्र २०१३ मध्ये मिळाला. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रियेच्या उंबरठ्याखाली राहिला, न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसातून जितके जास्त तास पट्टा, तितका फायदा जास्त.

व्यायामाची दुसरी वाट एका बाईने धरून ठेवली होती. काटारिना श्रोट, जन्म १८९४, ड्रेस्डेनची. स्वतःचा कणा वाकडा, सोळाव्या वर्षी पोलादी पट्टा. डॉक्टर नव्हती. चेपलेला रबरी चेंडू आतून हवा भरली की फुगतो, हे बघून तिने आरशासमोर उभे राहून दबलेल्या बाजूत श्वास भरायचा सराव केला आणि १९२१ मध्ये माइसेनला छोटी संस्था काढली. तिची पद्धत सुधारून आज अनेक देशांत वापरतात. सौम्य बाकात अशा नेमक्या व्यायामाचा उपयोग दिसतो. सर्वसाधारण खेळाने बाक सरळ होत नाही, पण फुप्फुसे, हाडे, स्नायू आणि मन यांना तो हवाच, म्हणून आज बहुतेक मुलांना खेळू देतात. १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टचा कणा वाकडाच आहे. माझी चिठ्ठी त्याला मिळाली नाही, हे जमैकाचे नशीब.

दप्तराबद्दलही बोलले जाते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असे ठरवले, ते योग्यच. जड दप्तराने पाठ दुखते, खांदे भरून येतात. पण त्यानेही स्कोलिओसिस होत नाही.

तेव्हा बाक द्यायचे तर मोडले म्हणून द्या, पाठीच्या नावाने नको. मागच्या महिन्यात शाळेत गेले होते. आठवी-नववीच्या निम्म्या मुली पी.टी.च्या तासाला भिंतीकडेला बसल्या होत्या. चिठ्ठी कोणाकडेच नव्हती. विचारल्यावर एकीने सांगितले, मैदानाजवळ कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृह लांब आहे, आणि घामट गणवेशात पुढचे तीन तास काढायचे नाहीत. ज्या वयात पाठ वाकवून कोणीतरी बघायला हवी, त्याच वयात या मुली रांगेतून बाहेर पडताहेत. मैदानाच्या पूर्वेला, जुन्या पंपाच्या खोलीशेजारी, मुलींसाठी पाण्याची सोय असलेली खोली बांधता येते. खर्चाचा अंदाज गवंड्याकडून घेऊन निधी समितीकडे दिला आहे. बाकांच्या रकमेच्या निम्म्यात बसतो.