परवचा डोक्यात राहतो कसा?

चिखली म्हणा, मेहकर म्हणा, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी एका सुरात म्हटली जाई. दिडकी चुकली की छडी. त्या वेळचे कोणी आजोबा घरी असतील तर विचारून पाहा. सकाळी काय जेवलो ते विसरतील, दिडकी विसरणार नाहीत. ती इतकी वर्षे राहते कुठे?

१८९४ साली स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी लंडनच्या व्याख्यानात सुचवले, की शिकताना मेंदूतल्या पेशींमधल्या जोडण्या वाढत असाव्यात. या सांध्यांना १८९७ मध्ये सिनॅप्स हे नाव मिळाले. पण सांधा पक्का होतो कशाने?

इथे एक मासा कामास आला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ॲग्रानॉफ यांनी सोनेरी माशांना शिकवले, की उजेड दिसताच पलीकडे पोहून जावे, नाहीतर विजेचा चटका बसतो. धडा संपताच प्रथिनांची घडण थांबवणारे औषध टोचले, तर काही दिवसांनी मासा धडा विसरलेला असे. तेच औषध तासाभराने टोचले, तर धडा शाबूत! विरजण लावलेले भांडे लागायच्या आत हलवले तर दही बिघडते, नंतर नाही, तसेच हे.

आज आतली हकीकत बरीच कळली आहे. सांध्यावर पुन्हापुन्हा संदेश आला की पलीकडच्या पेशीत कॅल्शियम शिरते (पानाच्या चुन्यातले तेच, बरे का). त्याने एक प्रथिन जागे होते आणि संदेश झेलणारी आणखी प्रथिने सांध्यावर आणवते. हे मिनिटांचे काम. टिकाऊ बदलाला निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जावा लागतो, तेव्हा नवी प्रथिने घडतात. त्यांतले एक बीडीएनएफ, १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळे काढलेले. उभ्या पिकाला वरखत द्यावे, तसे ते वापरातल्या सांध्यांना पोसते.

आता छडीचे. भीतीने पाठांतर होते, असे काही गुरुजी म्हणत, आणि ते अगदीच खोटे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने उंदरांची पिल्ले रोज काही तास आईपासून दूर ठेवली. उंदीर म्हणजे मूल नव्हे, पण २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष ऐकण्यासारखा आहे. ती पिल्ले तरुणपणी ताणाखालच्या धड्यात इतरांहून सरस ठरली. त्यांच्यात बीडीएनएफही वाढलेले होते. मध्यम वयात मात्र ते घटले, आणि तशा वाढलेल्या उंदरांची स्मृती इतरांच्या मागे पडली.