अमाल्फीचा किनारा : आठ तासांची सहल आणि एक स्वल्पविराम

नेपल्सहून सकाळी निघून सायंकाळी परत आणून सोडणारी अमाल्फी किनाऱ्याची सहल ही आता ठरीव साच्याची वस्तू झाली आहे. पोझितानोला तासभर, अमाल्फीला दोन तास, रावेल्लोला दीड तास, मध्ये जेवण, आणि उरलेला सगळा वेळ वळणांचा. आमच्या लहानशा बसमध्ये अठरा माणसे होती आणि ध्वनिक्षेपक हाती घेतलेली एक मार्गदर्शक बाई. ती उत्तम बोलत असे. दिवसभरात तिने जे सांगितले त्यातले सुमारे निम्मे खरे नव्हते. परंतु तो तिचा दोष म्हणता येणार नाही. ते निम्मे अमाल्फी गाव स्वतःच गेली काही शतके स्वतःला सांगत आले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ते निम्मे हाच आहे.

प्रथम रस्त्याविषयी. आपल्या भाषेत हा सरळसरळ घाट आहे. फरक इतकाच, की दरीच्या जागी समुद्र. डोंगराच्या कड्यात कोरलेला हा सुमारे पन्नास किलोमीटरचा मार्ग बूर्बों राजवटीत बांधला गेला. १८३०च्या दशकात काम सुरू झाले आणि दुसऱ्या फर्डिनांडच्या कारकिर्दीतच, १८५०च्या दशकाच्या आरंभी, ते पुरे झाले. त्यापूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे तर होडी, नाहीतर खेचरांची वाट आणि हजारो पायऱ्या. म्हणजे आज ज्याला आपण ‘अमाल्फी किनाऱ्याचे दृश्य’ म्हणतो, ते उंचावरून, वळणावरून, खाली पाहत घेतलेले दृश्य, जेमतेम पावणेदोनशे वर्षांचे आहे. त्याआधी हजार वर्षे हा किनारा पाहिला गेला तो समुद्रावरून, खालून वर. घरांची तोंडे अजून तिकडेच आहेत. रस्ता त्यांच्या डोक्यावरून जातो, आणि आपण दिवसभर ज्याची छायाचित्रे काढतो ती या गावांची पाठ असते.

पोझितानोवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही, सहलीतही घालवत नाहीत. शिडाच्या जहाजांवर जगणारे हे गाव वाफेच्या जहाजांनी मोडले. माणसे अमेरिकेला गेली, घरे रिकामी राहिली. १९५३मध्ये जॉन स्टाइनबेकने एका अमेरिकन मासिकात या गावावर लेख लिहिला आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या चर्चच्या खाली मात्र एक रोमन हवेली आहे. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडले तेव्हाच तीही गाडली गेली, आणि २०१८पासून ती लोकांना पाहता येते. आमच्या तासाभरात ती बसत नव्हती.

अमाल्फीत बस बंदराजवळ थांबते आणि समोरच एक पुतळा दिसतो. झगा घातलेला, हातातल्या होकायंत्राकडे पाहणारा पुरुष. चौकालाही त्याचेच नाव आहे : फ्लाव्हियो जोया, होकायंत्राचा जनक, १३०२. मार्गदर्शक बाईंनी एवढे सांगून आम्हांला छायाचित्रांसाठी पाच मिनिटे दिली.

हा मनुष्य कधी झालाच नाही. तो एका स्वल्पविरामातून जन्मला.

त्याची हकिकत अशी. पंधराव्या शतकातला इतिहासकार फ्लाव्हियो बियोंदो याने इटलीच्या वर्णनपर ग्रंथात नोंदवले, की चुंबकाचा नौकानयनातील उपयोग अमाल्फीच्या लोकांनी शोधला अशी ख्याती आहे. १५११मध्ये जोव्हानी बात्तिस्ता पियो या बोलोन्याच्या पंडिताने ल्युक्रेशियसवर भाष्य करताना बियोंदोचा हवाला देत एक लॅटिन वाक्य लिहिले. त्यात ‘फ्लाव्हियोकडून’ हे पद दोन क्रियापदांच्या मधोमध पडले : एका बाजूला ‘शोधला गेला’, दुसऱ्या बाजूला ‘सांगितले जाते’. पियोला म्हणायचे होते, की उपयोग अमाल्फीत शोधला गेला असे फ्लाव्हियो सांगतो. परंतु विराम एक पद पुढे सरकवला, की तेच वाक्य ‘फ्लाव्हियोने शोधला, असे सांगतात’ असे होते. १५४०मध्ये जिराल्दी या विद्वानाने तसेच वाचले, आणि वार्ताहर संशोधक झाला. सोळावे शतक संपता संपता त्याला जोया हे नाव चिकटले. पुढे तारीख आली, चरित्र आले. विसाव्या शतकाच्या आरंभी तिमोतेओ बेर्तेल्ली या पाद्री-अभ्यासकाने सगळे धागे उसवून दाखवले. तोवर गावाचे मन पुतळ्यावर बसलेले होते.

दाव्यातले दुसरे व्यंग तर कालगणनेचेच आहे. चुंबकसुईचे वर्णन चीनमध्ये शन क्वोने १०८८च्या सुमारास केले आहे, आणि युरोपात अलेक्झांडर नेकम या इंग्रज लेखकाने बाराव्या शतकाच्या अखेरीस. १३०२मध्ये शोधायला काही उरले नव्हते. पाण्यावर तरंगणारी सुई डबीत बसवून तिला दिशाचक्र जोडण्याच्या कामात अमाल्फीच्या खलाशांचा वाटा असावा, असे काही अभ्यासक मानतात, आणि ते अशक्य नाही. पण अशा कामाला एक कर्ता नसतो, आणि ज्याला कर्ता नाही त्याचा पुतळा करता येत नाही.

गंमत अशी, की याच डोंगरावर, वर स्काला या गावी, व्याकरणातून जन्मलेले आणखी एक नाव नांदते. अकराव्या शतकात अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि रुग्णालय काढले. ही दंतकथा नव्हे, पक्की गोष्ट आहे. आणि पुढे सेंट जॉनचे, म्हणजे माल्टाचे म्हणून प्रसिद्ध झालेले सरदार-पंथ त्याच रुग्णालयातून वाढले. रुग्णालयाचा प्रमुख जेरार्ड. तो मूळचा कुठला याविषयी मतभेद आहेत. स्काला त्याला आपला म्हणते. इतिहासग्रंथांत मात्र तो दीर्घकाळ ‘जेरार्ड तुंक’ किंवा ‘तोम’ म्हणून वावरला. ‘तुंक’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘तेव्हा’. तेव्हा तिथे असलेल्या जेरार्डचे ‘तेव्हा’ हे आडनाव झाले! एका गावाला एक स्वल्पविराम पुरेसा होता; या किनाऱ्याला एक अव्ययही लाभले.

या दोन भुतांच्या सावलीत खरी अमाल्फी झाकली जाते, ही माझी तक्रार आहे. ८३९मध्ये नेपल्सच्या वर्चस्वातून सुटलेले हे नगर पुढची दोन-अडीच शतके भूमध्य समुद्रातल्या व्यापाराच्या पहिल्या रांगेत होते. दहाव्या शतकातला अरब प्रवासी इब्न हौकल याने त्या मुलखातले सर्वांत संपन्न शहर म्हणून त्याचे वर्णन केले आहे. शेती नाही, पाठीमागे मुलूख नाही. डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसलेले हे लोक करीत काय होते? दक्षिण इटलीतले धान्य, लाकूड, तागाचे कापड आणि गुलाम उत्तर आफ्रिकेत विकावेत, तिथे सोने घ्यावे, ते कॉन्स्टँटिनोपलला नेऊन रेशीम आणि चैनीच्या वस्तू आणाव्यात, अशी ही तिकाटणी होती. अमाल्फीने पाडलेले ‘तारी’ नावाचे सोन्याचे नाणे अरबी पाव-दिनाराची नक्कल होते. गुलामांचा उल्लेख सहलीत येत नाही, येणारही नाही.

मुसलमान सत्तांशी असलेली ही सोयरीक पोपला खटकत होती. नवव्या शतकात आठव्या जॉनने, ती तोडावी आणि किनाऱ्याचे रक्षण करावे म्हणून, अमाल्फीला मोठी रक्कम मोजली. अमाल्फीने पैसे घेतले आणि सोयरीक चालू ठेवली. पोपने बहिष्कार घातला. धंदा काही थांबला नाही. पण अशा व्यवहाराची किंमत दुसरीकडे द्यावी लागे. ९९६मध्ये कैरोजवळ फातिमी खलिफाचे आरमार जळाले, संशय या परक्या व्यापाऱ्यांवर आला आणि जमावाने शंभराहून अधिक अमाल्फीकर कापून काढले. दुकाने लुटली गेली. शंभरावर व्यापारी एका परक्या शहरात एका वेळी असणे, यावरून या धंद्याचा आवाका ध्यानात यावा.

या काळाचा एकच साक्षीदार आपल्या दोन तासांत हाताला लागतो : कॅथीड्रलची काशाची दारे. ती १०६०च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला ओतली गेली. कारागिराचे नाव सिमियोन, पैसे देणारा तिथे राहणारा अमाल्फीचा व्यापारी पांतालेओने. रोमन साम्राज्यानंतर इटलीत अशी दारे प्रथम इथे आली. ती पाहून माँते कासिनोच्या मठाधिपतीने आपल्या मठासाठी मागवली, मग रोमच्या सेंट पॉलसाठी गेली. आमच्या गटातील जवळजवळ सर्वांनी मात्र वरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दर्शनी भिंतीचे छायाचित्र घेतले. ‘मध्ययुगीन’ म्हणून तिचे कौतुकही झाले. ती भिंत एकोणिसाव्या शतकातली आहे. जुनी १८६१मध्ये कोसळली आणि नवी १८९१मध्ये पुरी झाली. मुद्दाम सांगतो, ती सुंदर आहे.

आता ऱ्हासाविषयी, कारण इथेच सहलीतली कथा आणि इतिहास यांची फारकत सर्वांत अधिक बोचते. कथा अशी, की २५ नोव्हेंबर १३४३च्या रात्री समुद्र उसळला आणि त्याने शहराचा खालचा भाग, धक्के, वखारी गिळल्या. तेव्हापासून अमाल्फी लहान गाव झाले. ते वादळ खरे आहे. पेत्रार्क त्या रात्री नेपल्समध्ये एका मठात उतरला होता. बंदरातली जहाजे फुटताना, माणसे बुडताना त्याने पाहिली आणि एका पत्रात त्याचे वर्णन करून यापुढे आपण समुद्रावर पाऊल ठेवणार नाही असे लिहिले. २०१९मध्ये इटालियन संशोधकांनी स्ट्राँबोली बेटावरील थरांच्या आधारे दाखवले, की ही त्सुनामी असावी. ज्वालामुखीची एक बाजू घसरून समुद्रात गेल्याने उठलेली. अमाल्फीच्या जुन्या गोदीची टोकदार कमानींची दोन दालने आज उभी आहेत. त्यांचा समुद्राकडचा भाग नाही, तो पाण्यात गेला.

परंतु लाट आली तेव्हा बुडायला पूर्वीची अमाल्फी होती कुठे? १०७३मध्ये रॉबर्ट गिस्कार या नॉर्मन सरदाराने ती घेतली. ११३१मध्ये दुसऱ्या रॉजरने उरलेसुरले स्वातंत्र्य काढून घेतले. आणि मग ११३५ आणि ११३७मध्ये पिसाच्या आरमाराने ती लुटली. पहिल्या खेपेस शहराची स्वतःची जहाजे राजाच्या चाकरीत दूर होती, आणि घर मोकळे होते. जस्टिनियनच्या कायदेसंग्रहाची प्राचीन हस्तलिखित प्रत पिसाच्या लोकांनी याच लुटीत नेली असे सांगतात; तेही बहुधा रचलेले आहे. प्रत मात्र खरी आहे, आज फ्लॉरेन्समध्ये आहे. व्हेनिस, जिनोआ, पिसा यांना पाठीमागे मुलूख होता आणि स्वतःचे राज्य होते. अमाल्फीकडे बाराव्या शतकात दोन्ही उरले नव्हते. १३४३च्या लाटेने जे नेले ते दोनशे वर्षे आधीच रिकामे होत चाललेले होते.

मग गावाला लाट का आवडते? माझ्या मते लाटेपुढे कोणाचा पराभव होत नाही. राजाला जहाजे देऊन आपले बंदर उघडे टाकले, हे सांगणे कठीण. समुद्राने नेले, हे सोपे.

पुतळा हटवून तिथे काही मांडायचेच तर गोदीतल्या संग्रहालयात ते आहे : ‘ताबुला अमाल्फिताना’, अमाल्फीचा सागरी कायदा. एकूण ६६ कलमे, त्यांतली २१ लॅटिनमध्ये, उरलेली इटालियनमध्ये. जहाजमालक, माल घालणारे आणि खलाशी यांनी नफा-तोटा कसा वाटून घ्यायचा, जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकावा लागला तर नुकसान कोणी सोसायचे, हा त्याचा विषय. यांतली जुनी कलमे शहराचे राज्य गेल्यावरही सोळाव्या शतकापर्यंत मान्य होती. हस्तलिखित व्हिएन्नाला गेले होते, ते १९२९मध्ये परत आले. त्याच्यापुढे आमच्यापैकी मी आणि एक वृद्ध डच गृहस्थ असे दोघेच उभे होतो.

उरलेले भराभर. गिरण्यांच्या दरीत कागद होई. १९५४च्या पुराने त्या धंद्याचे कंबरडे मोडले, आणि त्याच पुरात या जिल्ह्यात तीनशेहून अधिक माणसे गेली. दगडी पायऱ्यांच्या शेतांतली लांबट लिंबे पन्नास किलो नि त्याहून जड टोपल्यांतून बायका खाली आणीत. त्यांना ‘मुंग्या’ म्हणत. दुकानातल्या लिंबाच्या मद्याच्या बाटलीवर त्या नाहीत. १८७९च्या उन्हाळ्यात इब्सेनने इथल्या एका जुन्या मठात, म्हणजे तेव्हाच्या हॉटेलात, ‘डॉल्स हाउस’ लिहिले. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’चे मूळ ते हेच. रावेल्लोला १८८०मध्ये वाग्नरला रुफोलोंच्या बागेत आपल्या संगीतनाटकातली जादूची बाग सापडली. त्या घराण्यातल्या एका व्यापाऱ्याला बोकाचियोने चाचा बनवून, बुडवून, पुन्हा श्रीमंत केले आहे. त्याच गावी १९४४च्या एप्रिलमध्ये इटलीच्या राजाने, रोम मुक्त होताच कारभारातून निवृत्त होण्याचे कबूल केले. दीड तासात हे सगळे. असो.

परतीचा रस्ता क्युंत्सीच्या खिंडीतून होता. सप्टेंबर १९४३मध्ये मायोरीला उतरलेल्या अमेरिकन रेंजरांनी ही खिंड धरून ठेवली होती. इथे समुद्र पाठीमागे राहतो आणि समोर व्हेसुव्हियस आणि नेपल्सचे सपाट मैदान उघडते. बस पाणी पिण्यासाठी थांबली तेव्हा मी मार्गदर्शक बाईंना स्वल्पविरामाविषयी विचारले. त्या हसल्या. त्यांना ते ठाऊक होते, विद्यापीठात शिकवले होते.

“सांगायला चार मिनिटे लागतात,” त्या म्हणाल्या, “आणि बंदरावर मला मिळतात दोन. शिवाय तोवर लोकांनी फोटो काढलेला असतो.” मग थोडे थांबून, “आणि त्याला उतरवले तर तिथे काय उभे करायचे? स्वल्पविराम?”

चालकाने भोंगा वाजवला. आम्ही चढलो, त्यांनी माणसे मोजली. अठरा भरली.