पडद्यावरचा शुक्रवार

इतिहासाची साधने म्हटली की आम्हांस पत्रे, बखरी, शिलालेख आठवतात. संगणकावरचा खेळ या पंक्तीस बसवा असे कोणी सुचविले असते, तर आम्ही हसलो असतो. परंतु 2016 साली निघालेला ‘1979 रेव्होल्यूशन : ब्लॅक फ्रायडे’ हा इराणी क्रांतीवरील खेळ पाहिला आणि ते हसू आवरावे लागले.

त्याचे कर्ते नविद खोनसारी हे पूर्वी मारधाडीच्या खेळांवर काम करीत असत. त्यांचे बालपण इराणात गेले. क्रांती झाली तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे, आणि पुढे कुटुंब कॅनडात राहिले. खेळाचा नायक रझा शिराझी हा तरुण छायाचित्रकार कल्पित खरा. पण खोनसारी कुटुंबाच्या जुन्या घरगुती चित्रफिती त्यात जागोजाग येतात. रझाने मोर्च्याचे छायाचित्र टिपले की शेजारी मिशेल सेतबूं या फ्रेंच छायाचित्रकाराने त्या काळी घेतलेले अस्सल छायाचित्र उमटते. कल्पिताच्या मांडीला मांडी लावून पुरावा बसलेला!

आता त्या शुक्रवाराकडे वळू. 8 सप्टेंबर 1978. पहाटे तेहरानात लष्करी कायदा पुकारला गेला. झालेह चौकात जमलेल्या अनेकांना त्याची वार्ताही नव्हती. सैन्याने गोळ्या झाडल्या. हजारो मेल्याची बोलवा उठली, आणि शाहाशी तडजोडीची उरलीसुरली आशा त्या चौकात संपली. पुढे 16 जानेवारी 1979 रोजी शाहाने देश सोडला. क्रांतीनंतर पुष्कळ वर्षांनी इमादुद्दीन बाघी या इराणी संशोधकाने मृतांची मोजदाद केली, ती 88 भरली. आम्ही इतिहासवाले असल्या दुरुस्तीने सुखावतो. आणि दुरुस्ती हवीच. पण श्रोतेहो, चौकातून धावणाऱ्याला 88 कोठे ठाऊक होते? त्याला शेजारी पडलेला दिसत होता. खेळात उत्तर द्यायला काही क्षणच मिळतात. कसेही उत्तर द्या, गोळीबार टळत नाही. निवड उरते ती माणसांपुरती : भाऊ हुसेन शाहाच्या चाकरीत, चुलतभाऊ अली शस्त्राची भाषा बोलणारा, आणि दोघेही घरचेच.

या खेळाची एक उणीव मात्र आम्हांस टोचते. कथा 1980 सालीच थांबते. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला इराकने इराणवर स्वारी केली आणि युद्ध 1988 च्या ऑगस्टपर्यंत चालले. 1988 च्या वसंतात तेहरानवर क्षेपणास्त्रे पडत होती, कुटुंबेच्या कुटुंबे शहराबाहेर पळत होती. मागे राहिलेल्यांच्या घरी ‘तेव्हा’ म्हणजे हे युद्ध. देश सोडून गेलेल्या मुलाच्या आठवणीत ते नाही, म्हणून खेळातही नाही. यात अप्रामाणिकपणा नाही. ज्याने जेवढे पाहिले तेवढेच त्याने मांडले. तेवढेही इराणात खपले नाही : खेळावर बंदी आली, आणि तो पुरा होण्यापूर्वीच तेथील एका वृत्तपत्राने खोनसारींना हेर ठरविले होते.

खेळाची चौकट एविनच्या तुरुंगाची आहे. तेथे रझाची जबानी घेणारे पात्र असदुल्ला लाजवर्दी यांच्यावर बेतले आहे; शाहाच्या राज्यात ज्यांनी स्वतः तुरुंग भोगला आणि नंतर एविनचा कारभार चालविला, तेच हे लाजवर्दी. ते रझाने काढलेली छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवतात आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारतात.