मुंबई–अलिबाग अंतर

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठाणे अलिबाग मुंबईच्या दक्षिणेस आहे. गेटवे ऑफ इंडियापासून त्याचे हवाई अंतर सुमारे ३१ किमी. असून रस्त्याने ते सुमारे १०० किमी. भरते. मध्ये मुंबई बंदराचे पाणी व धरमतरची खाडी असल्याने रस्त्याला पूर्वेकडून मोठा वळसा घ्यावा लागतो.

हवाई मार्ग : अलिबागला प्रवासी विमानतळ नाही, त्यामुळे नियमित विमानसेवाही नाही. जुहूच्या विमानतळापासून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ५१ किमी. असून ताशी २०० किमी. वेगाच्या हेलिकॉप्टरला हे अंतर कापण्यास पंधरा मिनिटे पुरतात. रायगड जिल्ह्यातच उलवे येथे उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेथे उतरणाऱ्यालाही पुढे अलिबाग रस्त्यानेच गाठावे लागते.

रस्ता : पनवेल–पेण–वडखळ हा नेहमीचा मार्ग. वडखळला मुंबई–गोवा महामार्ग सोडून अलिबागचा फाटा घेतात व धरमतरच्या पुलावरून खाडी ओलांडतात. एरवी अडीच ते तीन तास लागतात. शनिवार-रविवारी व गणपतीच्या दिवसांत वेळेचा भरवसा नसतो. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या २१.८ किमी. लांबीच्या अटल सेतूमुळे वाशीकडचा फेरा वाचला, वडखळचा मात्र कायम आहे. अलिबागकडे जाण्यास प्रवासी रेल्वे पेणपर्यंतच. तेथून अलिबाग सुमारे ३० किमी. आहे. करंजा–रेवस पूल झाल्यावर खाडी मुखाशीच ओलांडता येईल. ए. आर. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९८०–८२) मांडलेल्या रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचा तो भाग आहे.

जलमार्ग : गेटवे ते मांडवा लाँचने पाऊण ते एक तास व मांडवा ते अलिबाग बसने सुमारे २० किमी.; धक्क्यावर वाट पाहण्याचा वेळ धरून दोन तासांत प्रवास होतो. लाँचच्या तिकिटातच बहुधा बसचे भाडेही धरलेले असते. पावसाळ्यात या लाँच साधारणपणे बंद राहतात. मार्च २०२० पासून मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू असून तीत मोटारीही नेता येतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारा लाँचमार्ग जुना. याच मार्गावर १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.

अंतराचा शास्त्रीय उपयोग : मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्याने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींत व्यत्यय येईल, हे ओळखून तेथील संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधशाळेसाठी अलिबागची निवड केली. शहराच्या विद्युतप्रवाहापासून दूर, तरीही कुलाब्याच्या जुन्या नोंदींशी सांधा जुळेल इतके जवळ, असे हे ठिकाण होते. १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या व दोन्ही ठिकाणची मापे ताडून पाहण्यासाठी काही काळ त्या एकाच वेळी घेतल्या गेल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. चुंबकीय वेधशाळा आजही अलिबागलाच आहे.