आधी ग्रंथ, मग वर्ग : हैदराबादचा धडा

हैदराबादचे दिलसुखनगर शिकवणी वर्गांसाठी ओळखले जाते. तेथे तयार टिपणे मिळतात. संदर्भ शोधण्याची सवय लागतेच असे नाही. याच शहराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९१ मध्ये सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या प्रयत्नाने आसफिया ग्रंथालय सुरू झाले. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ ची; परंतु उर्दूत पाठ्यग्रंथ सिद्ध करणारी दारुल तर्जुमा ही संस्था १९१७ मध्येच निघाली होती. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.

शाळेत संगणक आला, तरी हा क्रम बदलत नाही. विद्यार्थ्याला समजणाऱ्या भाषेतील पुस्तके आधी हवीत. शिक्षकाने उत्तराऐवजी प्रश्न द्यावा आणि संगणकावर मिळालेली माहिती ग्रंथालयातील पुस्तकाशी पडताळून घ्यावयास लावावी.