देवरी परिसरातील हिवाळी मैदानी खेळ आणि लोकरी वस्त्र

१

लोकरी वस्त्रांचा इतिहास हा थंड प्रदेशांचा इतिहास होय, अशी समजूत अभ्यासकांतही रूढ आहे. हिमालय, काश्मीर, तिबेट किंवा युरोप यांच्या संदर्भात लोकरीचा विचार होतो. विदर्भाच्या वस्त्रेतिहासात मात्र कापूस आणि कोसा यांनीच बहुतेक सर्व जागा व्यापलेली असते. उन्हाळ्याच्या कडकपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या ह्या प्रदेशात लोकरीला स्थान ते कोणते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु विदर्भाच्या पूर्व टोकास, आजच्या गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्याकडे पाहिले असता ही समजूत तपासून पाहण्याची गरज लक्षात येते.

देवरी हे मुंबई-कोलकाता महामार्गावरील तालुक्याचे गाव असून त्याच्या पूर्वेस छत्तीसगडची सीमा आहे. डोंगराळ भूमी, दाट जंगल, भातखाचरे आणि ठिकठिकाणचे तलाव ही ह्या मुलखाची लक्षणे होत. डिसेंबर-जानेवारीत येथील दुपार उबदार असते. परंतु सूर्य मावळताच हवा झपाट्याने थंड होते, आणि थंडीची लाट आल्यास पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते. तलाव व खाचरे यांमुळे दव विपुल पडते. येथील थंडीचा जाच केवळ अंशांत मोजता येत नाही. दुपार व पहाट यांतील मोठे अंतर आणि पहाटेचा ओलावा यांतच तिचे खरे स्वरूप आहे.

ह्या मुलखाचे मैदानी खेळ व करमणुकी प्रामुख्याने ह्याच ऋतूत येतात. त्याचे कारण हवामानात नसून धानाच्या पिकात आहे. रोवणीपासून कापणीपर्यंत शेतकऱ्यास उसंत नसते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. धान घरात आले की मोकळ्या झालेल्या शिवारात शंकरपट भरतात, रात्रीच्या दिव्यांत कबड्डीचे सामने होतात, दंडार रंगते आणि झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत चालतात. वर्षातील सर्वांत थंड रात्री आणि उघड्यावरील गर्दीच्या रात्री येथे एकच असतात. ह्या रात्रींत लोकरीचे स्थान काय होते, ती कोणाच्या अंगावर होती आणि कोणाच्या नव्हती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी लोकरीचा एक गुणधर्म ध्यानात घेतला पाहिजे. लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्यामुळे वस्त्रात हवा अडकून राहते आणि तीच खरी उष्णतारोधक ठरते. त्याशिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश इतका ओलावा वाफेच्या रूपात शोषून घेऊ शकते, आणि असे शोषण होत असता थोडी उष्णता बाहेर पडते. घामाने भिजलेले सुती वस्त्र अंगास चिकटते, त्यातील हवा निघून जाते आणि अंग गारठते. लोकर ओलसर झाली तरी तिची ऊब पूर्णपणे नाहीशी होत नाही.

धावणाऱ्या माणसाचे शरीर स्वतःच भरपूर उष्णता निर्माण करते. कबड्डीचा गडी थंड रात्रीही उघड्या अंगाने खेळतो आणि त्यास थंडी बाधत नाही. थंडी बाधते ती डाव संपल्यावर, घाम अंगावर असता स्थिर बसण्याची वेळ येते तेव्हा. क्रिकेटमध्ये गोलंदाज आपले षटक सुरू करण्यापूर्वी स्वेटर काढून पंचाच्या हाती देतो आणि षटक संपताच तो परत अंगात घालतो. ह्या साध्या रिवाजात लोकरीचे मैदानावरील कार्य स्पष्ट होते. लोकर ही श्रमाइतकीच, किंबहुना श्रमाहून अधिक, श्रमांमधील विश्रांतीची सोबती आहे.

ह्याचा अत्यंत कठोर दाखला गिर्यारोहणाच्या इतिहासात आढळतो. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरी यांचा देह १ मे १९९९ रोजी सापडला. त्यांच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे एकावर एक थर आणि त्यांवर गॅबर्डिन कापड होते. ह्या अवशेषांवरून तयार केलेल्या प्रतिकृती २००६ साली एव्हरेस्टवर वापरून पाहण्यात आल्या. चांगल्या हवेत चालत असता हा वेष हलका, सुटसुटीत आणि पुरेसा उबदार असल्याचे दिसून आले. मात्र एवढ्या उंचीवर उघड्यावर रात्र काढण्यास तो अपुरा ठरला असता, असा निष्कर्ष निघाला. चालणाऱ्याचे वस्त्र आणि थांबलेल्याचे वस्त्र ह्यांतील भेद असा जीवघेणा ठरू शकतो. देवरीची पहाट आणि एव्हरेस्ट यांची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. परंतु दोन्ही ठिकाणी लागू पडणारे तत्त्व एकच आहे.

३

ह्या मुलखास परिचित असलेले सर्वांत जुने लोकरी वस्त्र म्हणजे घोंगडे. भातशेतीच्या ओलसर भूमीत मेंढपाळी फारशी रुजली नाही. घोंगडे मुख्यतः शेजारच्या कोरड्या प्रदेशांतील मेंढपाळांकडून येई. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात मेंढपाळीशी संबद्ध असे धनगर, गडरिया व कुरमवार हे समाज स्वतंत्रपणे नोंदलेले असून, त्यांपैकी कुरमवारांचा संबंध प्रामुख्याने चांदा जिल्ह्याशी आहे. कातरलेली लोकर पिंजून, हाताने सूत काढून, चिंचोक्याची खळ देऊन मागावर विणलेले हे वस्त्र जाड, जड आणि काहीसे खरखरीत असे.

हा खरखरीतपणा केवळ दोष नव्हे. सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके त्वचेस टोचतात. मेरिनो मेंढीची लोकर त्याहून बरीच बारीक असल्यामुळे ती अंगालगत घालता येते. दख्खनी लोकर जाडीभरडी असल्यामुळे तिचा सदरा होत नाही. पण दव व पावसाची भुरभुर अडविणे, जमिनीचा ओलावा रोखणे आणि डोक्यावरून खोळ करून बसणे ह्यांसाठी तिच्याइतके उपयुक्त वस्त्र ग्रामीण जीवनात दुसरे नव्हते. शरीराच्या मापाने शिवलेले नसल्यामुळे घोंगडे धावणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. ते बसणाऱ्याचे, राखण करणाऱ्याचे आणि प्रेक्षकाचे वस्त्र होय. धानाच्या खळ्यावर रात्र काढणाऱ्या शेतकऱ्यास आणि मंडईतील नाटक पाहणाऱ्यास ते सारखेच उपयोगी पडे. एकच घोंगडे घरातील अनेक जण आळीपाळीने वापरीत, आणि ज्या घरी तेही नसे तेथे गोधडी व शेकोटी ह्यांवर भागवावे लागे.

४

लोकरीचा दुसरा प्रवाह इंग्रजी अमलाबरोबर आला. उष्ण प्रदेशातही त्वचेलगत फ्लॅनेल वापरावे, असा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाचा आग्रह होता. पोटाभोवती बांधावयाचा फ्लॅनेलचा पट्टा पटकीपासून रक्षण करतो, अशी समजूत सैन्यात रूढ होती. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली पटकीच्या जंतूसंबंधीचे आपले संशोधन मांडल्यानंतरही हा पट्टा बरीच वर्षे टिकून राहिला. गुस्टाफ येगर ह्या जर्मन प्राध्यापकाने १८८०च्या सुमारास संपूर्ण लोकरी पोशाखाचा पुरस्कार केला आणि १८८४ साली त्याच्या नावाने लंडनमध्ये व्यापारी पेढी निघाली. इकडे कानपूरची लोकरी गिरणी १८७६ साली आणि पंजाबातील धारिवालची गिरणी १८८०मध्ये उभी राहिली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया हे महत्त्वाचे स्थानक बनले आणि गिरणीचे लोकरी कापड ह्या दुर्गम भागाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचले.

हिवाळा हा अधिकाऱ्यांच्या दौऱ्याचा हंगाम होता. तंबू टाकून गावोगाव फिरत असता शिकार हा त्यांचा मुख्य मैदानी खेळ असे. मध्य प्रांतातील शिकारीच्या वाङ्मयात जेम्स फोर्सिथ यांचा १८७१चा आणि डनबार ब्रँडर यांचा १९२३चा ग्रंथ प्रसिद्ध आहेत. वाघाच्या शिकारीस उन्हाळा अधिक सोयीचा मानला जाई, कारण त्या दिवसांत पाणवठे मोजकेच राहतात. तलावांच्या ह्या मुलखातील खास हिवाळी शिकार मात्र बदके व पाणलाव्यांची होती. ह्या शिकारीत पहाटेच्या धुक्यात तलावाकाठी दीर्घकाळ निश्चल बसावे लागते. फ्लॅनेलचा सदरा, लोकरी मोजे आणि जाड कोट ह्यांचा खरा उपयोग येथेच होता.

परंतु त्याच तलावाकाठी दुसरीही माणसे असत. हाका घालणारे, सामान वाहणारे, पडलेले पक्षी थंड पाण्यात उतरून आणणारे हे स्थानिक लोक होते आणि त्यांच्या अंगावर बहुधा तोकडे सुती वस्त्र असे. त्यांचे श्रम त्यांना ऊब देत. श्रम थांबताच त्यांना आधार होता तो जाळाचाच. गरिबाची लोकर म्हणजे शेकोटी, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. आणि १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील सरपणावरही निर्बंध आले. ज्या जंगलात साहेबाची शिकार निर्वेध चाले, त्याच जंगलातील लाकूड शेकोटीसाठी आणताना गावकऱ्यास नियमांचा विचार करावा लागे. खेळाचा आनंद आणि खेळाची थंडी ह्यांची वाटणी किती विषम होती, हे वस्त्राच्या इतिहासावरून जितके स्पष्ट दिसते तितके शिकारीच्या ग्रंथांतून दिसत नाही.

५

ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडली. १९५१ साली मध्य प्रदेशातील मालगुजारी व जमीनदारी हक्क संपुष्टात आले. ह्या पूर्वपट्ट्यातील जुन्या जमीनदाऱ्याही त्यांत गेल्या. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. नागझिरा अभयारण्य १९७०मध्ये आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५मध्ये घोषित झाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या खेळावर पडदा पडला. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा वेगळा जिल्हा निर्माण झाला.

लोकरी वस्त्राच्या दृष्टीने ह्या काळातील सर्वांत लक्षणीय घटना निराळीच आहे. १९५९नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींची वसाहत १९७२ साली आजच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव येथे झाली. नोरग्येलिंग ह्या नावाने ती ओळखली जाते. भारतातील तिबेटी वसाहतींमध्ये शेतीस हिवाळी स्वेटरविक्रीची जोड देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. लुधियानाच्या कारखान्यांतील विणलेला माल घेऊन हे विक्रेते हिवाळ्यात शहरोशहरी दुकाने मांडतात. ज्यांच्या मूळ देशात लोकर हे जीवनाचे मुख्य वस्त्र होते, त्यांनी उष्ण विदर्भात हिवाळी वस्त्रांच्या व्यापारावर आपला निर्वाह उभा करावा, ही इतिहासातील एक विलक्षण गती होय. स्वेटर, मफलर आणि कानटोपी ही एके काळी अधिकाऱ्याच्या बोचक्यातील वस्त्रे सामान्य माणसाच्या अंगावर आली. कबड्डीचा गडी डाव संपताच स्वेटर चढवितो आणि शंकरपटाचा प्रेक्षक सकाळच्या धुक्यात कानटोपी घालून उभा असतो. ऊब ही विशिष्ट वर्गाची मिरास राहिली नाही, ही मोठीच सामाजिक प्रगती मानली पाहिजे.

तथापि ह्या प्रगतीत एक बदल नकळत घडून आला. स्वस्त स्वेटर पुष्कळदा लोकरीचे नसतात. ते अ‍ॅक्रिलिकचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. हा कृत्रिम तंतू १९५०च्या सुमारास व्यापारी उत्पादनात आला आणि हलका, रंगीत व धुण्यास सोपा असल्यामुळे सर्वत्र पसरला. विणकामाच्या धाग्यास मराठीत ‘लोकर’ म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे वस्तू बदलली तरी शब्द तोच राहिला. अ‍ॅक्रिलिक ऊब देते, पण ओलावा फारच थोडा शोषते. ह्याहून महत्त्वाचा भेद अग्नीचा आहे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडल्यास ती करपते आणि बहुधा आपोआप विझते. अ‍ॅक्रिलिक मात्र पेटते, वितळते आणि त्वचेस चिकटते. जेथे हिवाळी रात्रीची करमणूक अद्याप शेकोटीभोवती बसूनच होते, तेथे हा भेद केवळ वस्त्रशास्त्राचा राहत नाही. घोंगडे पांघरून जाळाजवळ बसण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय नव्या वस्त्रासह तशीच चालू राहिली. त्या सवयीमागील सुरक्षितता मात्र निघून गेली.

६

वरील विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. देवरी परिसरात लोकरीचे महत्त्व थंडीच्या तीव्रतेवरून ठरले नाही. धानाच्या हंगामाने मैदानी करमणुकी थंड रात्रींत आणून ठेवल्या, त्यामुळे ते निर्माण झाले. घोंगडे, फ्लॅनेल आणि स्वेटर हे लोकरीचे तीन प्रवाह तीन निरनिराळ्या दिशांनी आले आणि प्रत्येकाने ऊब कोणाच्या वाट्यास यावी याचा निराळा निवाडा केला. तिन्हींत समान असलेली गोष्ट एकच, की लोकर ही धावणाऱ्यापेक्षा थांबलेल्या माणसाच्या अधिक उपयोगी पडली.

खेळांचा इतिहास सामान्यतः खेळाडूंच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विश्रांती घेणारा गडी, रात्रभर जागणारा प्रेक्षक, तलावात उतरणारा हाकेकरी ह्यांना त्यात जागा मिळत नाही. त्यांच्या अंगावर काय होते आणि काय नव्हते, ह्याचा शोध घेतला तर तो इतिहास अधिक पूर्ण होईल. घोंगडे आणि शेकोटी ह्यांच्या आठवणी ज्यांच्यापाशी आहेत अशी वृद्ध माणसे ह्या मुलखातील गावांत अद्याप आहेत. त्यांच्या मुखातून ह्या गोष्टी टिपून ठेवण्याचे कार्य फार काळ पुढे ढकलता येण्यासारखे नाही.