१० सप्टेंबर १९३५ : ह्यूई लाँग यांचे निधन
अमेरिकेतील लुईझियानाचे माजी गव्हर्नर, सिनेटर ह्यूई लाँग यांचे आजच्या दिवशी बॅटन रूज येथे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी राज्याच्या विधानभवनात त्यांच्यावर गोळी झाडली गेली होती. ३४ मजल्यांचे ते भवन त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले, हा दैवदुर्विलास. १९२८ मध्ये गव्हर्नर होताच त्यांनी शाळकरी मुलांना पाठ्यपुस्तके फुकट दिली, रस्ते-पुलांच्या बांधणीचा धडाका लावला. १९२९ च्या महाभियोगातून ते सहीसलामत सुटले. महामंदीत श्रीमंतांच्या संपत्तीवर मर्यादा घालण्याची ‘शेअर अवर वेल्थ’ मोहीम काढून त्यांनी थेट अध्यक्ष रूझवेल्ट यांनाच आव्हान दिले. गरिबांचा कैवारी खरा, पण हडेलहप्पीही तेवढीच! सिनेटमध्ये गेल्यावरही राज्याचा कारभार त्यांनी मुठीतून सोडला नाही. मृत्यूसमयी वय होते ४२.